फेल बोअरवरचा घोडा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्या मंडळींनी विचारलं, मुलगी काय करते? माझ्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं, "अंबडला कंपनीत आहे. पॅनेल बनवते." नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढच्या त्या गावात पॅनेल म्हणजे सोसायटीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं पॅनेल. सून राजकारणातली दिसते, जरा जपून राहावं, असं सासूबाईंनी कितीतरी दिवस मनात धरलं होतं. पुढे कळलं, की मी यंत्रांच्या मोटारी चालवणारे विजेचे मोठे डबे बनवते, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पण त्यापलीकडे माझ्या कामात त्यांना रस नव्हता. त्यांचं जग झेंडू, शेवंती आणि पंचवटीतला फुलबाजार. माझं जग अंबडच्या कारखान्याची शेड. आम्ही भांडत नव्हतो, पण बोलायलाही फारसं काही नव्हतं.

हे बदललं ते आमच्या फेल बोअरमुळे.

आमच्या कंपनीला गुजरातेतल्या तेलविहिरींसाठी पॅनेल करायचं काम मिळालं होतं. तेलविहीर म्हटली की लोकांना वाटतं, जमिनीतून कारंजं उडतं. तसं क्वचितच असतं. बहुतेक विहिरींमधून तेल ओढून काढावं लागतं, आणि ते ओढणारं यंत्र म्हणजे एक अवाढव्य हापसा असतो. वर मोठी लोखंडी तुळई, तिच्या टोकाला घोड्याच्या डोक्यासारखा आकार. ते डोकं दिवसभर वर-खाली होतं. त्याला लांबच लांब सळ्या टांगलेल्या असतात आणि त्यांच्या खालच्या टोकाला, खोल जमिनीत, पंपाची नळी.

आता गंमत अशी, की विहिरीत तेल झिरपतं आपल्या चालीने आणि यंत्र ओढतं आपल्या चालीने. यंत्र जास्त पळालं तर नळी अर्धीच भरते. मग खाली येणारा दट्ट्या पोकळीतून सुटतो आणि तेलावर धाडकन आपटतो. हापशाचं पाणी खाली गेलं की दांडा हातात एकदम हलका लागतो आणि मग दणका बसतो, अगदी तसंच. असे दणके बसत राहिले की कधीतरी सळी तुटते, आणि ती बाहेर काढणं म्हणजे मोठं लफडं. आमच्या पॅनेलचं काम एवढंच: सळीवर किती वजन येतंय ते प्रत्येक हेलकाव्याला मोजायचं, त्यावरून नळी किती भरली ते ओळखायचं, आणि मोटारीचा वेग आपोआप कमी-जास्त करायचा. विहीर जेवढं देईल तेवढंच घ्यायचं.

प्रोग्रॅम मी लिहिला होता. शेडमध्ये कॉम्प्युटरवर तो छान चालत होता. पण सरांचं, म्हणजे आमच्या मालकांचं, समाधान होईना. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवर सगळंच चालतं. खऱ्या विहिरीवर लावून बघितल्याशिवाय मी हे गुजरातला पाठवणार नाही. पण नाशकात तेलविहीर आणायची कुठून?"

"तेलाची कशाला?" मी म्हटलं. "पाण्याची चालेल. फक्त पाणी कमी पाहिजे. थोडं ओढलं की संपणारी बोअर पाहिजे."

"अशी बोअर कोण देणार?"

"आमच्या घरी आहे," मी म्हणाले, आणि म्हणता क्षणीच वाटलं, जीभ जरा आवरायला हवी होती.

कारण त्या बोअरचा विषय घरात कोणी काढत नसे. मळ्याच्या वरच्या अंगाला सासऱ्यांनी ती मोठ्या हौसेने घेतली होती. पाणी बघणाऱ्याच्या हातावर नारळ उभा राहिला होता म्हणे. पाणी लागलं, पण वीस मिनिटं मोटर चालली की संपायचं, आणि मग तासन्‌तास वाट बघायची. दोनदा मोटर कोरडी फिरून जळाली. तेव्हापासून तिच्या तोंडावर फरशी ठेवलेली होती आणि फरशीवर खताची रिकामी पोती.

त्या रविवारी जेवताना मी सासऱ्यांना विचारलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले.

"आपली फेल बोअर कशाला दाखवायची लोकाला? चांगली पाहिजे असंल तर खालच्या विहिरीवर लाव म्हणावं."

"बाबा, मला फेलच पाहिजे," मी म्हटलं. "चांगल्या विहिरीवर माझं मशीन पास होईल की नापास, कळणारच नाही."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "घ्या! आजपर्यंत त्या बोअरला कोणी असं मागणं घातलं नव्हतं."

सासरे भाकरी संपवून उठले. पण दुपारी बघते तर पोती उचललेली होती आणि फरशीभोवतीचं गवत कापलेलं होतं.

होळी झाल्यावर यंत्र आलं. सरांनी कुठूनतरी जुनं, त्यातल्या त्यात लहान असं पंपिंग युनिट मिळवलं होतं. लहान म्हणजे तेलविहिरींच्या मानाने. आमच्या मळ्यात ते नारळाच्या झाडाएवढं दिसत होतं. क्रेन आली, पाया झाला, बोअरमध्ये सळ्या सोडल्या, आणि बाजूला पत्र्याच्या छपराखाली माझं पॅनेल बसलं. चौथ्या दिवशी घोड्याने मान हलवायला सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं: वरच्या मळ्यात तेल लागलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर माणसं उभी. कोणी म्हणे गॅस लागलाय, कोणी म्हणे सरकार सगळी जमीन घेणार. एक गृहस्थ मोकळी बाटली घेऊनच आले होते. सासऱ्यांनी पहिले दोन दिवस प्रत्येकाला समजावलं, "अहो, पाणीच हे. सूनबाईच्या कंपनीची टेस्टिंग चालूये." त्यावर लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे: सांगत नाय म्हणजे नक्की तेलच. तिसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी खुलासे बंद केले. कोणी विचारलं की ते टोपी सारखी करून म्हणायचे, "बघू. अजून खोल जायचंय." पंधरा वर्षं ज्या बोअरकडे ते पाठ करून चालत, तिच्याजवळ आता त्यांनी खाट टाकली.

मशीन झकास चाललं. घोडा मान हलवत राहिला आणि पाइपातून पाण्याची बारीक, पण न तुटणारी धार पडू लागली. वीस मिनिटांत दम तोडणारी बोअर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायची. सासऱ्यांनी त्या पाण्यावर ड्रिपच्या चार नळ्या जोडल्या आणि शेवंतीची रोपं जगवली. मी रोज कंपनीतून येताना मळ्यात उतरायचे, लॅपटॉप जोडायचे आणि दिवसभराचा आलेख बघायचे. वेगाची रेघ अशी सरळ, की फुटपट्टीने मारावी. सरांना ती दाखवली तेव्हा ते म्हणाले, "येत्या आठवड्यात पॅक करू. गुजरातवाले रोज फोन करतायत."

सासूबाईंनाही ती जागा आवडली होती. कडुनिंबाची सावली आणि वर पाण्याचा आवाज. त्या फुलांच्या पाट्या घेऊन तिथेच हार ओवत बसायच्या. त्या शनिवारी मी लॅपटॉप बंद करत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या घोड्याला काय झालंय गं? तालात चालत नाय."

"चालतोय की, आई. वेग बदलणं हेच त्याचं काम आहे."

"बदलू दे. पण हा दम खातो, मंग पळतो, मंग परत दम खातो. माझा हात चुकतो त्याच्यामुळं."

"ते तसंच असतं," मी म्हटलं आणि घरी निघाले. आज ते आठवलं की लाज वाटते. त्यांच्याकडे मी धड बघितलंसुद्धा नव्हतं. आलेख सरळ होता ना. मग हार ओवणाऱ्या बाईला काय कळतंय, असं माझ्या मनात होतं. बोलले नाही, एवढंच.

रविवारी सकाळी चहा घेऊन मळ्यात गेले, तर त्या आधीच बसलेल्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, "बस इथं. पाच मिनिटं. कायबी बोलू नको."

मी बसले. त्यांनी सुई घेतली. घोड्याची मान एकदा वर जाऊन खाली येईपर्यंत जेवढी फुलं ओवून व्हायची, तेवढी त्या दोऱ्यावर जराशी बाजूला सरकवायच्या. मग पुढचा हेलकावा, पुढचा घोस. नजर ना घोड्याकडे, ना फुलांकडे. चाळीस वर्षं फुलं ओवणारा हात. तो कधी जलद नाही की कधी सावकाश नाही. थोड्या वेळाने त्यांनी दोरा माझ्यासमोर धरला.

"मोज."

मी मोजलं. पाच फुलं. पाच. सहा. आठ. दहा. अकरा. अकरा. नऊ. सहा. पाच. आणि परत पाचापासून.

मी चहा खाली ठेवला. फोनवरचं घड्याळ लावून मी हेलकावे मोजले. सासूबाईंचा दोरा एकदम बरोबर होता: फुलं कमी म्हणजे हेलकावा जलद, जास्त म्हणजे सावकाश. मशीन पळत होतं, नळी रिकामी करत होतं, घाबरून एकदम मंद होत होतं, नळी भरली की पुन्हा पळत सुटत होतं. दर दोन मिनिटांनी हाच खेळ. कान देऊन ऐकलं तेव्हा प्रत्येक वेळी पळाल्यावर जमिनीखालून बारीकसा दणकाही ऐकू आला. आणि माझा आलेख? तो दर दहा मिनिटांचा सरासरी वेग दाखवत होता. पाच आणि अकरा यांची सरासरी काढली की सगळं सपाट. ते सेटिंग मीच केलं होतं, फाइल लहान राहावी म्हणून.

"आई," मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलंय."

त्यांना बरं वाटलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "तू त्याला सांगितलंस तरी काय करायला?"

मी सांगितलं: नळी कमी भरली की लगेच वेग कमी कर, पूर्ण भरली की लगेच वाढव.

"लगेच?" त्यांनी सुई खाली ठेवली. "शाळेमागच्या हापशावर आम्ही पोरी पाणी भरायचो. दांडा हलका लागला की लगेच थांबायचं नाय, आणि जड लागला की लगेच जोर बी करायचा नाय. जरासं सावकाश करायचं आणि चार-पाच हात मारून बघायचं, काय होतंय. पाण्याला यायला टाइम लागतो ना, बाई."

कॉलेजात हेच मला एका अख्ख्या विषयात शिकवलं होतं, आणि मी त्यात पासही झाले होते. प्रोग्रॅम लिहिताना मात्र मला घाई झाली होती. प्रत्येक हेलकाव्याला दुरुस्ती, म्हणजे मशीन जास्त हुशार, असं मला वाटलं होतं.

सोमवारी सरांना सांगणं अवघड गेलं. त्यांनी गुजरातला शब्द दिला होता, खोके मागवून झाले होते. मी आलेख न उघडता सरळ तो दोरा त्यांच्या टेबलावर ठेवला. फुलं सुकली होती, पण मोजता येत होती. सरांनी दोरा उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

"चला. मला बसून बघू दे."

ते खरंच येऊन कडुनिंबाखाली बसले, इस्त्रीच्या पँटमध्ये, जमिनीवर. सासूबाईंनी त्यांना ताक दिलं आणि ओवून दाखवलं. सरांनी स्वतः मोजलं. मग तिथूनच त्यांनी गुजरातला फोन लावला: "अजून पंधरा दिवस लागतील. चूक आमची आहे. बरं झालं, इथेच सापडली." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "करा दुरुस्त. आणि आधी ती सरासरी काढून टाका."

सरासरी काढली. आता आलेख खरा दिसू लागला: करवतीच्या दातांसारखा. मग मी प्रोग्रॅम बदलायला घेतला. वेग बदलायचा तर थोडाच बदलायचा, आणि नंतर पाच हेलकावे गप्प बसायचं. त्यानेही काम होईना, कारण दुपारी बोअर सकाळपेक्षा कमी पाणी देत होती आणि मशीन फारच मागे राहत होतं. पाचाचे तीन केले तर परत दात उमटले. मग चार केले, आणि पाणी फारच कमी झालं तर मशीनने लवकर मंद व्हावं, पण पळायला मात्र वेळ घ्यावा, असं ठरवलं. रोज बदल करायचे, रोज संध्याकाळी सासूबाई अहवाल द्यायच्या.

"आज कसा होता?"

"सकाळी ग्वाड होता. दुपारी जरा चावला, परत दम खात होता."

आमच्यात एवढं बोलणं लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून झालं नसेल. मध्येच त्या मला ओवायला शिकवू लागल्या. माझी फुलं फाटायची. "देठाच्या मधोमध घाल, कडंला नको," असं म्हणून त्या माझ्या हाताला धरून सुई फिरवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, पॅनेलच्या डब्यात इतक्या वायरी कोण लावतं? मी म्हटलं, आमच्याकडे सहा बायका आहेत, त्याच लावतात. "बायका?" त्या म्हणाल्या आणि उठून, चष्मा लावून, पहिल्यांदा त्या डब्यात डोकावल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हात चांगले हेत त्यांचे. एकसारखं बांधलंय."

आठव्या का नवव्या दिवशी दोऱ्यावर आलं: सात, सात, आठ, सात, सात, सात. दुपारी आठ, आठ, आठ. दणका बंद. मी फोनचं घड्याळ लावलंच नाही.

पॅनेल गुजरातला रवाना झालं आणि मागोमाग ते चालू करून द्यायला मला जायचं होतं. कंपनीची गाडी जाणार होती. आदल्या दिवशी सासूबाई भाजी निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "मला बी दाखव ना ती तेलाची विहीर."

सासरे म्हणाले, "तिथं तुझं काय काम?" मी म्हटलं, "काम आहे, बाबा." सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, त्यांचा हक्कच आहे. आणि अशा रीतीने सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांना सोडून परराज्यात गेल्या, तेही डब्यात पंचवीस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन.

मेहसाण्याच्या बाजूला सपाट रान. एरंडाची शेतं, आणि शेतांच्या मधोमध ठिकठिकाणी माना हलवणारे घोडे. आमच्या मळ्यातला घोडा त्यांच्यापुढे शिंगरू वाटला असता. विहिरीवर एक वयस्क ऑपरेटर होते. पन्नाशी कधीच उलटलेली, पांढऱ्या मिशा. त्यांनी सासूबाईंना पदरावरूनच पिवळं हेल्मेट घालायला दिलं, कुंपणाच्या बाहेर झाडाखाली खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "बा, अहीं छांयडे बेसो." सासूबाईंना गुजराती येत नव्हती, बा म्हणजे आई हेही ठाऊक नव्हतं, पण त्या बरोबर सावलीत जाऊन बसल्या.

मी पॅनेल सुरू केलं. सेन्सर तपासले. स्क्रीनवर सळीवरच्या वजनाचा, तिरक्या चौकोनासारखा आकार उमटला. त्याचा उजवीकडचा खालचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा होता. म्हणजे नळी अर्धवट भरत होती. मशीनने वेग थोडा उतरवला आणि थांबून बघितलं. पुन्हा थोडा उतरवला. ऑपरेटरकाका माझ्या मागे उभे होते. आजवर ते ही विहीर घड्याळ बघून बंद-चालू करत आले होते. त्यांचा या डब्यावर काडीचा विश्वास नव्हता आणि ते हे लपवतही नव्हते. तासाभराने कोपरा भरत आला आणि वेग एका जागी बसला. पुढचा अर्धा तास तो हलला नाही.

काकांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. ते तेलाच्या पाइपाजवळ गेले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. दहा-बारा हेलकावे झाले असतील. मग मला बोलावलं. मीही हात ठेवला. प्रत्येक हेलकाव्याला आतून एक जाड, सारखा धक्का येत होता. "अब बराबर," ते म्हणाले. मग कुंपणाकडे बघून त्यांनी सासूबाईंनाही हाक मारली, आणि एका बाजूने जपून पाइपापर्यंत आणलं.

सासूबाईंनी हात ठेवला आणि झटकन काढला. "अगं, गरम हे की!"

"जमीन के अंदर से गरम ही आता है, बा," काका म्हणाले. सासूबाईंनी परत हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या विहिरीवर आम्ही तीन दिवस होतो. एकदा वीज गेली आणि आल्यावर मशीन आपलं आपण सावरलं, तेवढाच काय तो प्रसंग. दुपारी काकांच्या घरून बाजरीचा रोटला आणि छास, म्हणजे ताक, यायचं. सासूबाईंनी बदल्यात दशम्या दिल्या. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, आणखी पाच विहिरींवर हे लावा, मी साहेबांना सांगतो.

परतताना सापुताऱ्याच्या घाटात गाडी थांबवली. संध्याकाळचा गार वारा सुटला होता आणि एक बाई निखाऱ्यावर कणसं भाजत होती. आम्ही दोघी कट्ट्यावर बसून कणीस खात होतो. सासूबाईंनी लिंबू चोळलेला दाणा-दाणा चवीने खाल्ला आणि मग विचारलं, "तुला या कामात बरं वाटतं का गं?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं, "हो. खूप बरं वाटतं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि कणीसवालीला हाक मारली, "बाई, अजून दोन भाज. एक बांधून दे, घरी न्यायचंय."